उपग्रहाचे रेडिओ संदेश आणि बदलते वातावरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की डीटीएचच्या तक्रारी सुरू होतात, आणि ऑक्टोबर उजाडला की जमीन मोजणारी मंडळी रोव्हर (उपग्रहांच्या संदेशांवरून जागा अचूक मोजणारे फिरते उपकरण) घेऊन विचारायला येतात. दोघांचेही म्हणणे एकच असते, की वातावरणामुळे सिग्नल गेला. ते खरेही असते. पण एकाचे वातावरण डोक्यावर पाच किलोमीटरच्या आतले असते आणि दुसऱ्याचे तीनशे किलोमीटर उंचीवरचे. पहिल्यात पाण्याचा थेंब त्रास देतो, दुसऱ्यात सुटा इलेक्ट्रॉन. हा फरक कळला नाही तर चांगले उपकरण विनाकारण उघडले जाते, असा माझा अनुभव आहे.

उपग्रह हजारो किलोमीटर दूर असतो. मग थोड्याशा हवेने असे काय बिघडते?

दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किमी उंचीवर असतात, तर जीपीएसचे सुमारे २०,२०० किमीवर. या वाटेचा बहुतेक भाग जवळजवळ निर्वात असतो आणि तिथे संदेश फक्त पसरत जाऊन विरळ होतो. त्याच्यात खरा बदल दोनच ठिकाणी होतो. साधारण ६० ते १००० किमी उंचीच्या आयनांबरात सूर्याच्या अतिनील व क्ष किरणांनी अणूंपासून सुटे झालेले इलेक्ट्रॉन त्याचा वेग आणि दिशा बदलतात, आणि त्यानंतर अगदी तळाच्या तपांबरात बाष्प, ढग व पाऊस त्याला वाकवतात, अडवतात किंवा शोषून घेतात.

मुळात हा संदेश किती क्षीण असतो, याचीही कल्पना हवी. एका वॅटचे एक कोटी अब्ज भाग केले, तर त्यातील जेमतेम एक-दोन भाग इतकी जीपीएसची शक्ती जमिनीवरील अँटेनाच्या वाट्याला येते. एवढ्याशा भांडवलात थोडी जरी घट झाली तरी ती जाणवते.

पावसात डीटीएचचे चित्र का जाते?

घरावरची छोटी डिश केयू पट्ट्यातला, म्हणजे साधारण १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झचा संदेश घेते. त्याची तरंगलांबी सुमारे अडीच सेंटीमीटर असते. मोठ्या सरीतला थेंब काही मिलिमीटरचा असतो, आणि या दोन मापांतील अंतर कमी असल्यामुळे प्रत्येक थेंब संदेशाची थोडी ऊर्जा शोषतो व थोडी इकडेतिकडे विखुरतो. ताशी १०० मिमी या तीव्रतेच्या पावसात १२ गिगाहर्ट्झला दर किलोमीटरमागे सुमारे ५ ते ६ डेसिबलची घट होते (१० डेसिबलची घट म्हणजे शक्ती दहाव्या भागावर येणे). अशा पावसाचा पट्टा संदेशाच्या वाटेवर दोन किलोमीटर जरी असला, तरी दहाव्या भागाहूनही कमी शक्ती खाली पोहोचते.

त्यात आणखी एक भर पडते, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. निरभ्र आकाश रेडिओलहरींच्या दृष्टीने अतिशय थंड असते, त्यामुळे डिशला आकाशाकडून फारसा गोंगाट येत नाही. पावसाचा पडदा मात्र स्वतःच्या उष्णतेमुळे त्याच पट्ट्यात लहरी सोडतो. म्हणजे संदेश मंदावतो आणि त्याच क्षणी गोंगाट वाढतो.

यात दिवसभरात किती पाऊस पडला याला महत्त्व नाही. एकेका मिनिटाची तीव्रता महत्त्वाची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तरी तासाची सरासरी काढली तर ती ४० मिमीच्या आसपास येते. उलट मे महिन्यातला वळीव किंवा हस्ताचा गडगडाटी पाऊस दहाच मिनिटे पडतो, पण त्याचे थेंब टपोरे असतात, ढग उंच असतो आणि त्या दहा मिनिटांत तीव्रता ताशी १०० मिमीच्या पुढे सहज जाते. म्हणून श्रावणातल्या रिपरिपीत दिवसभर मालिका बिनघोर दिसतात आणि वळवाच्या एका सरीत पडदा काळा होतो.

आमच्याकडे थेंबही पडत नाही, तरी चित्र जाते. हे कसे?

डिश सरळ वर पाहत नाही. डीडी फ्री डिशच्या वाहिन्या ज्या जीसॅट-१५ वरून येतात, तो उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईहून तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर असतो. आपल्या अक्षांशावर पावसाळी ढगातील पाणी साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत द्रवरूपात असते, त्याच्यावर बर्फ असते. त्या उंचीवर पोहोचेपर्यंत संदेशाची वाट घरापासून आडव्या अंतराने तीन किलोमीटर आग्नेयेला सरकलेली असते. म्हणून चित्र गेले की खिडकीतून त्या दिशेला पाहावे. तिकडे आभाळ काळे असेल तर उत्तर मिळाले. ज्या केंद्रातून कार्यक्रम उपग्रहाकडे पाठवले जातात, तिथे कोसळणाऱ्या पावसानेही असे होऊ शकते, पण मोठी केंद्रे पावसात पाठवण्याची शक्ती वाढवून हे बरेचसे टाळतात.

पाऊस थांबल्यावरही थोडा वेळ चित्र येत नाही. का?

एलएनबीच्या, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावर बसवलेल्या संदेश पकडणाऱ्या भागाच्या, तोंडावरचे प्लॅस्टिकचे झाकण जवळून पाहावे. नवे असते तेव्हा त्यावरून पाणी घरंगळून जाते. चार उन्हाळे सोसल्यावर ते खरबरीत होते, त्याला बारीक चिरा पडतात आणि पाण्याचा पातळ थर त्यावर चिकटून राहतो. संदेशाचा सगळा झोत त्याच रुपयाएवढ्या जागेतून जात असल्यामुळे एवढा थरही पुरतो. अशा वेळी एलएनबी बदलणे किंवा त्यावर छोटा आडोसा करणे उपयोगी पडते. डिशचा रोख काटेकोर करणे हा मात्र पहिला उपाय आहे, कारण कोरड्या दिवशी अर्धा अंश चुकलेली डिश चित्र देते आणि पावसासाठी राखून ठेवायची शक्ती तिथेच खर्च करते.

ढग, धुके आणि विजांचा काय परिणाम होतो?

फारसा नाही. धुक्याचे आणि ढगाचे थेंब इतके बारीक असतात की केयू पट्ट्यात त्यांचा परिणाम नगण्य असतो. कोरड्या गारा व बर्फ पाण्याच्या मानाने पुष्कळ कमी शोषतात. विजेचा धोका संदेशाला कमी आणि उपकरणाला अधिक असतो, म्हणून गडगडाट सुरू होण्याआधीच सेट टॉप बॉक्सची केबल काढून ठेवणे योग्य आहे.

केबलवाल्यांच्या मोठ्या डिशला पावसाचा त्रास का होत नाही?

ती डिश सी पट्ट्यात, ४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. तिथे तरंगलांबी साडेसात सेंटीमीटर असल्यामुळे ताशी १०० मिमी पावसातही दर किलोमीटरमागे एका डेसिबलचा पाचवा हिस्साही जात नाही. याचे मोल डिशच्या आकाराने आणि जागेने चुकवावे लागते. याच कारणाने उष्ण कटिबंधातील देशांनी सी पट्टा जपून ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. २० गिगाहर्ट्झच्या केए पट्ट्यात नेमके उलटे घडते. तिथे तोच पाऊस किलोमीटरमागे सुमारे १२ डेसिबल घेतो. म्हणून या पट्ट्यातील उपग्रह-इंटरनेट पावसाचा जोर पाहून माहितीचा वेग आपोआप कमी करते, म्हणजे जोडणी मंदावते पण तुटत नाही, आणि मोठी भूकेंद्रे एकमेकांपासून दूर अशा दोन ठिकाणी उभारली जातात, कारण जोरदार सर एका वेळी दोन्हीकडे पडण्याचा संभव कमी असतो.

मग जीपीएसला पाऊस लागतो का?

नाही. जीपीएस १.५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते आणि त्या तरंगलांबीपुढे पावसाचा थेंब नगण्य ठरतो. भर पावसात मोबाइलवरची जागा चुकत असेल, तर कारण बहुधा भिजलेली दाट झाडी किंवा आजूबाजूच्या इमारतींवरून परावर्तित होऊन आलेले संदेश हे असते. जीपीएसला खरा त्रास देणारे वातावरण वर आहे, आणि ते कोरड्या, निरभ्र दिवशीही तितकेच कार्यरत असते.

आयनांबरामुळे जीपीएसमध्ये नेमकी चूक कशी येते?

उपग्रहाचा संदेश निघाला केव्हा आणि पोहोचला केव्हा, यावरून अंतर काढायचे, हे जीपीएसचे मूळ सूत्र आहे. आयनांबरातील इलेक्ट्रॉन संदेशावर बसवलेल्या सांकेतिक माहितीला थोडे रेंगाळवतात, त्यामुळे अंतर असते त्यापेक्षा जास्त भरते. एक चौरस मीटर तळाच्या, पार उपग्रहापर्यंत उभ्या स्तंभात किती इलेक्ट्रॉन आहेत हे मोजतात. त्याचे एकक १ वर १६ शून्ये इतक्या इलेक्ट्रॉनांचे असते. अशा एका एककामागे जीपीएसच्या एल-१ वारंवारतेवर, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झला, सुमारे १६ सेंटीमीटरची चूक येते. रात्री पाच-दहा एकके असतात, ती चालून जातात. सूर्य तापट असलेल्या वर्षी मात्र दुपारी दोनच्या सुमारास भारताच्या काही भागांवर शंभराहून अधिक एकके भरतात आणि डोक्यावरच्या उपग्रहाचे अंतर १६ मीटरने चुकते. क्षितिजाजवळच्या उपग्रहासाठी वाट तिरकी व लांब असल्याने ही चूक जवळपास तिप्पट होते.

सुदैवाने हा विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. एकाच उपग्रहाचे दोन वेगळ्या वारंवारतांचे संदेश घेतले, की त्यांच्या पोहोचण्यातील फरकावरून इलेक्ट्रॉनांची संख्या काढता येते आणि चूक जवळजवळ पूर्ण वजा होते. जीपीएससारखेच काम करणाऱ्या आपल्या नाविक या भारतीय उपग्रह प्रणालीने सुरुवातीपासून एल-५ आणि एस हे दोन पट्टे निवडले आहेत. एकेका एककामागे एल-५ ला सुमारे २९ सेंटीमीटर तर एस पट्ट्यात साडेसहाच सेंटीमीटर चूक येते, आणि दोहोंत इतके अंतर असणे दुरुस्तीला सोयीचे ठरते. साध्या मोबाइलसाठी २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल-१ ही जोडले गेले. ज्या उपकरणात एकच वारंवारता असते, ते उपग्रहानेच पाठवलेल्या आठ आकड्यांवरून आयनांबराचा ढोबळ अंदाज बांधते. क्लोबुचर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीने साधारण निम्मी चूक जाते आणि निम्मी उरते.

ही अडचण भारतातच इतकी मोठी का मानली जाते?

कारण पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जाते. थिरुवनंतपुरमजवळच्या थुंबा या मच्छीमारांच्या गावाची रॉकेट सोडण्यासाठी निवड झाली ती याच कारणाने, आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिले रॉकेट गेले. चुंबकीय विषुववृत्तावर चुंबकीय रेषा जमिनीला समांतर, दक्षिणोत्तर असतात. दिवसा आयनांबरात पूर्वेकडे रोखलेले विद्युत क्षेत्र तयार होते, आणि या दोहोंच्या संयोगाने इलेक्ट्रॉन व आयन एकत्रच वर उचलले जातात. वर गेल्यावर ते चुंबकीय रेषांवरून कारंज्याच्या पाण्यासारखे दोन्ही बाजूंना घरंगळतात आणि चुंबकीय विषुववृत्तापासून साधारण १५ अंश उत्तरेस व दक्षिणेस साठतात. त्यामुळे विषुववृत्तावर सूर्य अधिक तळपत असूनही इलेक्ट्रॉनांची सर्वात दाट रास गुजरात, मध्य प्रदेश ते बंगाल या पट्ट्यावर पडते. महाराष्ट्र या राशीच्या दक्षिण उतारावर आहे, आणि सूर्य शांत असलेल्या वर्षांत रास विषुववृत्ताकडे सरकते तेव्हा ती आपल्या आणखी जवळ येते.

उतार हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. मध्य अक्षांशांवरील देशांत इलेक्ट्रॉनांची संख्या शेकडो किलोमीटरवर हळूहळू बदलते, म्हणून एका ठिकाणची दुरुस्ती दूरवर चालते. आपल्याकडे तेवढ्याच अंतरात ती झपाट्याने बदलते. विमानांसाठी इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी गगन ही जीपीएसच्या दुरुस्त्या पुरवणारी प्रणाली उभारताना परदेशातील गणित जसेच्या तसे वापरता आले नाही, ते याचमुळे. देशभरातील १५ संदर्भ केंद्रांच्या मोजणीवरून आपल्या आयनांबराचे वेगळे प्रारूप बांधावे लागले. गगनला विमान-मार्गदर्शनाचे प्रमाणपत्र डिसेंबर २०१३ मध्ये आणि धावपट्टीकडे उतरताना उंचीच्या मार्गदर्शनाचे प्रमाणपत्र एप्रिल २०१५ मध्ये मिळाले. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढला प्रवासी कंपनीचे विमान गगनच्या मार्गदर्शनाने उतरवून पाहण्यात आले. हे काम जगाच्या सर्वात अवघड आयनांबराखाली झाले आहे, आणि त्याची जेवढी दखल घ्यायला हवी तेवढी मराठीत घेतली गेलेली नाही.

सूर्यास्तानंतर रोव्हरचा फिक्स का जातो?

मार्चअखेरची एक संध्याकाळ सांगतो. सौर चक्राच्या शिखराजवळचे वर्ष होते आणि सोलापूर जिल्ह्यात एका कालव्याची मोजणी उरकायची म्हणून आम्ही अंधारातही थांबलो होतो. पावणेआठला पडद्यावर ‘फिक्स’च्या जागी ‘फ्लोट’ आले, म्हणजे सेंटीमीटरची अचूकता जाऊन ढोबळ जागा उरली. आकाशात एकही ढग नव्हता, वीसपेक्षा जास्त उपग्रह दिसत होते, पण त्यांतील पाच-सहा उपग्रहांच्या शक्तीचे आकडे काही सेकंदांत पंचेचाळीसवरून पंचवीसवर आणि पुन्हा वर उड्या मारत होते. बॅटरी बदलली, वायर बदलली, बेस (एका ठिकाणी स्थिर ठेवून रोव्हरला दुरुस्ती पुरवणारे उपकरण) पुन्हा सुरू केला. साडेदहाच्या सुमारास काहीही न करता फिक्स परत आला.

सूर्य मावळताच आयनांबराचा खालचा थर लवकर विरून जातो, तर वरचा दाट थर त्याच सुमारास आणखी उंच उचलला जातो. जड द्रव हलक्या द्रवावर तोलून धरला तर जे होईल तेच इथे होते. खालचा विरळ भाग बुडबुड्यांच्या रूपाने वर घुसतो, आणि हे बुडबुडे चुंबकीय रेषांवरून उत्तरेला पसरत पूर्वेकडे वाहतात. त्यांच्या खडबडीत कडांतून येणारा संदेश ताऱ्यासारखा लुकलुकतो. यालाच सिंटिलेशन म्हणतात. भारतात हा प्रकार दोन्ही विषुवदिनांच्या आसपासच्या महिन्यांत, म्हणजे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्यास्तानंतर तास-दीड तासाने सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत सर्वाधिक आढळतो.

दोन वारंवारतांचे रोव्हरही इथे कमी पडते, कारण त्रास विलंबाचा नसून लहरींची मोजणी मध्येच तुटण्याचा असतो. त्या महिन्यांत महत्त्वाचे बिंदू सूर्यास्तापूर्वी घ्यावेत, हाच खात्रीचा उपाय आहे. रात्री काम करणे भागच असेल, तर जितक्या अधिक प्रणालींचे उपग्रह वापरता येतील तितके बरे, कारण बुडबुडे एका वेळी सगळे आकाश व्यापत नाहीत.

सौर वादळ आले तर काय होते?

१० व ११ मे २०२४ रोजी आलेले भूचुंबकीय वादळ २००३ नंतरचे सर्वात तीव्र होते. लडाखमधील हानले येथून आकाशात तांबडा प्रकाश टिपला गेला, आणि अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात उपग्रहांच्या साहाय्याने चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत थांबवावे लागले. भारतात अशा वादळाचा परिणाम एकसारखा नसतो. वादळ दिवसाच्या कोणत्या प्रहरी आले यावर तो अवलंबून असतो. कधी विलंब एकाएकी वाढतो, तर कधी संध्याकाळचे बुडबुडे उठतच नाहीत.

अशा वादळांची नोंद ठेवण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय मोजणी सुरू होती, आणि सप्टेंबर १८५९ च्या प्रसिद्ध वादळात क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचा आकडा तिथल्याच वहीत आहे. मे २०२४ चे वादळ सुमारे ४०० नॅनोटेस्लाचे होते, यावरून त्या जुन्या नोंदीचे मोल कळते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये ही मोजणी अलिबागला हलवली गेली आणि ती आजही तिथे चालू आहे. नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था तिची काळजी घेते.

मार्च आणि ऑक्टोबरमध्ये सकाळी अकराच्या सुमारास डीटीएच काही मिनिटे बंद पडते. हाही आयनांबराचा परिणाम आहे का?

नाही, आणि पावसाचाही नाही. त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचा स्वतःचा रेडिओ-गोंगाट डिशमध्ये शिरतो. महाराष्ट्राच्या अक्षांशावर हे साधारण मार्चच्या दुसऱ्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास, सलग काही दिवस, रोज काही मिनिटे घडते. अकराची वेळ ९३.५ अंशांवरील उपग्रहाची आहे. दुसऱ्या उपग्रहासाठी ती वेगळी असेल. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी सूर्य, दुपारनंतर हस्ताचा पाऊस आणि रात्री बुडबुडे अशी तीन वेगळी कारणे एकाच दिवसात येऊ शकतात, म्हणून तक्रार नोंदवताना घड्याळातली वेळ अवश्य लिहावी.

हवेतील दमटपणाचा काहीच परिणाम होत नाही का?

होतो, आणि तो मोजण्याजोगा असतो. समुद्रसपाटीवर डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश कोरड्या हवेमुळे सुमारे २.३ मीटर अंतराइतका रेंगाळतो, आणि दमट हवेत बाष्पामुळे त्यात आणखी ४० सेंटीमीटरपर्यंत भर पडू शकते. कोरड्या हवेचा भाग हवेच्या दाबावरून नेमका काढता येतो, पण बाष्प तासागणिक बदलत असल्यामुळे तोच भाग छळतो. हा विलंब एल-१ आणि एल-५ वर सारखाच असतो, म्हणून दोन वारंवारतांची युक्ती इथे चालत नाही. सह्याद्रीच्या घाटात बेस पायथ्याशी आणि रोव्हर माथ्यावर असेल, तर दोघांच्या डोक्यावरचे बाष्प वेगळे असते आणि उंचीत काही सेंटीमीटरची तफावत येते. अशा कामात बेस शक्यतो रोव्हरच्याच उंचीच्या आसपास लावावा.

या बदलांचा उलट उपयोग करून घेता येतो का?

येतो. जागा अचूक माहीत असलेल्या अँटेनावर जो विलंब उरतो, तो हवामानशास्त्रज्ञांसाठी थेट मोजमाप असतो. बाष्पामुळे झालेला साधारण साडेसहा मिलिमीटरचा विलंब म्हणजे डोक्यावरच्या हवेत एक मिलिमीटर पाऊस पडेल एवढे बाष्प. शिवाय जीपीएसचा उपग्रह क्षितिजाआड जाताना त्याचा संदेश वातावरणातून किती वाकला, हे दुसऱ्या उपग्रहावरून मोजले की समुद्रावरच्या हवेचेही तापमान व आर्द्रता उंचीनुसार मिळते. २०११ मध्ये सोडलेल्या भारत-फ्रान्सच्या मेघा-ट्रॉपिक्स उपग्रहावर यासाठी खास उपकरण होते. मुंबईच्या हवेत पावसाळ्यात ६० मिमीच्या आसपास बाष्प असते, म्हणजे तिथला बाष्पाचा विलंब सुमारे ३९ सेंटीमीटर भरतो, आणि हाच आकडा हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी त्याच अँटेनावर कितीतरी खाली उतरलेला दिसतो.